आपले पान, आपला शब्द

आपल्या मनातले चार लोकांपर्यंत पोहोचावे, असे ज्याला वाटत नाही असा माणूस विरळाच. पारावर, रेल्वेच्या डब्यात, कारखान्याच्या फाटकापाशी माणसे बोलत असतात ती याच ओढीने. परंतु बोलणे वाऱ्यावर जाते आणि लिहिलेले मागे उरते. ज्या समाजाने आपले अनुभव लिहून ठेवले, त्याची ओळख पुढच्या पिढ्यांना राहिली. ज्यांना लिहिता आले नाही किंवा लिहिण्यासाठी जागा मिळाली नाही, त्यांच्याविषयी इतरांनी जे लिहिले तेच खरे मानले गेले. म्हणून लिहिण्याची हक्काची जागा मिळणे ही केवळ हौसेची बाब नाही.

ही जागा मिळवणे पूर्वी अवघड होते. त्यासाठी छापखाना लागे, कागद लागे, टपालखर्च लागे. आज ज्याच्या हाती साधा स्मार्टफोन आहे, त्यालाही महाजालावर स्वतःचा ब्लॉग विनामूल्य सुरू करता येतो. एका व्यक्तीने किंवा छोट्या गटाने चालवलेले, तारीखवार लेखांचे संकेतस्थळ म्हणजे ब्लॉग. मराठीत कोणी त्याला ‘अनुदिनी’ म्हणतात, तर कोणी ‘जालनिशी’. नाव कोणतेही असो, त्याचा लेखक, संपादक आणि प्रकाशक एकच असतो.

मात्र जागा सहज मिळाली म्हणजे काम सोपे झाले, असे नाही. माझे मत असे आहे, की स्वतःचे पान मिळवणे आज सोपे झाले असले, तरी ते विश्वासास पात्र करणे पूर्वीइतकेच कष्टाचे आहे. आणि हे कष्ट घेण्याची सर्वांत अधिक गरज आहे ती मोठ्या शहरांतील नामवंतांना नव्हे, तर लहान गावांतील सामान्य माणसांना.

चरोद्याच्या वाचकाला याचा दाखला शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. छत्तीसगडच्याच उत्तर भागात पेंड्रा हे गाव आहे. जानेवारी १९०० मध्ये तेथून ‘छत्तीसगढ मित्र’ नावाचे हिंदी मासिक निघू लागले. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर हे त्याचे संपादक, तर रायपूरचे वामन बळीराम लाखे हे प्रकाशक होते. तिघेही मराठीभाषक होते. पेंड्र्यात छापखाना नव्हता. मासिक आरंभी रायपूरला आणि पुढे नागपूरला छापून घ्यावे लागे. मजकूर एका गावी तयार करायचा, तो दुसऱ्या गावी छापायचा आणि अंक पाठवायचे ते दूरदूरच्या वर्गणीदारांना, असा हा व्यवहार होता. वाचणाऱ्यांची संख्या थोडी आणि वर्गणी देणाऱ्यांची त्याहून थोडी. आर्थिक ओढाताणीमुळे तीन वर्षांनी, १९०२ च्या अखेरीस मासिक बंद पडले.

हिशेबाच्या वहीत पाहिले तर हा उद्योग तोट्याचा ठरला. तरीही या तीन वर्षांत त्याने जे केले ते आजही मोलाचे मानले जाते. हिंदीत पुस्तकांची साक्षेपी परीक्षणे लिहिण्याचा पाया घालणाऱ्यांत या मासिकाची गणना होते. सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा १९०१ मध्ये याच मासिकात प्रसिद्ध झाली आणि हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये तिला मानाचे स्थान मिळाले. जमीनदाराने जिची झोपडी बळकावली, अशा एका विधवेची ही कथा आहे. पुढे सप्रे यांनी १९०७ मध्ये नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढला आणि १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटकही झाली. त्यांनी समर्थ रामदासांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. नवे पत्र निघत आहे हे लोकांना कळावे म्हणून जाहिरात द्यायची, तर पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने ती छापण्यास नकार दिला. ज्यांच्या व्यथेला दुसऱ्याच्या पानावर जाहिरातीपुरतीही जागा मिळत नव्हती, त्यांना स्वतःचे पान किती आवश्यक होते, हे या एका घटनेवरून कळते. ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडले. तेव्हा बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले आणि त्याचे रकानेच्या रकाने स्वतः लिहून काढले.

ही दोन्ही पत्रे अल्पजीवी ठरली, पण त्यांचे कार्य अल्प ठरले नाही. वाचकसंख्या हा लेखनाच्या यशाचा एकमेव मापदंड नव्हे, हे यावरून ध्यानात येते. आपल्याकडे सांगण्यासारखे काही आहे काय, ते दुसरा कोणी सांगत नाही काय, आणि आपण ते खरेपणाने सांगतो काय, हे प्रश्न संख्येच्या आधी येतात.

आता ब्लॉगकडे वळू. ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ मध्ये रूढ होऊ लागला आणि १९९९ च्या सुमारास त्याचे ‘ब्लॉग’ असे लघुरूप झाले. त्याच वर्षी ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली आणि २००३ मध्ये ‘वर्डप्रेस’ आली. या सेवांमुळे संगणकाची भाषा न शिकताही लेख प्रसिद्ध करता येऊ लागला. मराठीपुढे मात्र आणखी एक अडसर होता. प्रत्येक संकेतस्थळाचा फाँट वेगळा असल्यामुळे एका संगणकावर लिहिलेली अक्षरे दुसऱ्यावर भलतीच दिसत. युनिकोड या पद्धतीने जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक दिला. तिचा वापर सर्वत्र होऊ लागल्यावर देवनागरीची ही अडचण दूर झाली. चरोद्यात टंकलिखित केलेला मजकूर अमेरिकेतल्या मराठी कुटुंबालाही जसाच्या तसा वाचता येऊ लागला.

या साधनाचा उपयोग एका व्यक्तीला किती करता येतो, हे हिंदीत रविशंकर श्रीवास्तव यांनी दाखवले. ‘रवी रतलामी’ या नावाने ते ब्लॉगलेखन करीत. त्यांनी ‘रचनाकार’ या आपल्या ब्लॉगवर इतर अनेक लेखकांचेही साहित्य प्रसिद्ध केले आणि संगणकावर छत्तीसगडी भाषा आणण्यासाठी परिश्रम घेतले. एका माणसाचे पान अनेकांचे व्यासपीठ होऊ शकते, हे त्यांच्या कार्यातून दिसते.

असे पान कसे उभे करावे? पहिली गोष्ट रचनेची. अनेकांना रचना म्हणजे रंगीबेरंगी सजावट वाटते. वास्तविक रचना म्हणजे वाचकाची सोय. पानाचे नाव सुटसुटीत असावे. ते कोण लिहितो आणि कशासाठी लिहितो, हे दोन-तीन वाक्यांत सांगितलेले असावे. प्रत्येक लेखावर तारीख असावी. अक्षर मोठे आणि पार्श्वभूमी साधी असावी. बहुतेक लोक फोनच्या लहान पडद्यावर वाचतात, म्हणून परिच्छेद आटोपशीर आणि छायाचित्रे हलकी असावीत. लेखांची विषयवार विभागणीही हवी. मार्शलिंग यार्डात येणारे डबे ज्या दिशेला जायचे त्याप्रमाणे वेगळे करून त्यांच्या गाड्या जोडतात, हे चरोद्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. सगळे डबे एकाच रुळावर उभे राहिले, तर एकही वेळेवर पोहोचणार नाही. लेखांचेही तसेच आहे.

दुसरी गोष्ट सातत्याची. आरंभी उत्साहाच्या भरात रोज लिहायचे आणि महिन्याभरात थांबायचे, ही बहुतेक ब्लॉगांची कहाणी असते. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकच लेख लिहावा, पण ठरल्या दिवशी लिहावा. वाचकालाही सवय लागते आणि लेखकालाही. त्यासाठी जवळ एक वही ठेवावी. ऐकलेले नाव, पाहिलेला शिलालेख, एखाद्या वृद्धाने सांगितलेली आठवण तिच्यात तत्काळ टिपून ठेवावी. पुढे लेख त्या वहीतूनच तयार होतो.

तिसरी गोष्ट सत्यतेची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. वृत्तपत्रात लेखकाच्या मागे संपादक असतो, ब्लॉगवर तो नसतो. म्हणून ते काम लेखकानेच करायचे. ऐकीव माहिती निदान दोन ठिकाणी पडताळून पाहावी. आपण स्वतः पाहिलेले काय आणि दुसऱ्याने सांगितलेले काय, हे लेखात वेगळे दाखवावे. दुसऱ्याचे लेखन किंवा छायाचित्र परवानगीवाचून वापरू नये. चूक लक्षात आल्यास ती गुपचूप न पुसता, ‘अमुक दिवशी दुरुस्ती केली’ असे खाली नमूद करावे. असे केल्याने लेखकाचा मान कमी होत नाही, उलट त्याच्या पुढच्या शब्दाला वजन येते.

चौथी गोष्ट प्रसाराची. ‘वाचक कसे मिळवावेत?’ हा प्रश्न प्रत्येक नवा लेखक विचारतो. हजारो वाचक मिळवून देण्याचे आश्वासन देणारेही पुष्कळ भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. विकत घेतलेली संख्या वाचत नाही. पहिले वाचक आपल्या अवतीभवतीच असतात. गावातील वाचनालय, शाळा, गणेशोत्सव मंडळ, महिला बचत गट, रेल्वे वसाहतीतील शेजारी यांना लेखाचा विषय सांगावा. शक्य असल्यास लेख वाचून दाखवावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या प्रतिक्रिया पुष्कळदा सर्वांत उपयुक्त असतात. व्हॉट्सअॅपच्या गटांत दुवा एकदाच पाठवावा. तोच दहादा पाठवला, की लोक तो न उघडताच पुढे सरकतात.

प्रसाराचा आणखी एक मार्ग लेखाच्या शीर्षकातून जातो. महाजालावर शोध घेणारा माणूस नेमके शब्द टाकून शोध घेतो. ‘एक अविस्मरणीय सकाळ’ असे शीर्षक दिलेला लेख त्याला सापडणार नाही. ‘चरोद्याजवळील देवबलोद्याचे शिवमंदिर’ असे शीर्षक असेल, तर तो लेख पाच वर्षांनंतरही एखाद्या प्रवाशाला किंवा विद्यार्थ्याला सापडू शकेल. ठिकाणांची, व्यक्तींची आणि वस्तूंची खरी नावे लिहिणे हाच प्रसाराचा प्रामाणिक उपाय आहे. त्याला पैसाही लागत नाही.

येथे कोणी म्हणेल, चरोद्यात लिहिण्यासारखे आहे तरी काय? हा प्रश्नच आपल्या आत्मविश्वासाच्या अभावाचे लक्षण आहे. रायपूर आणि दुर्ग यांच्यामध्ये, मुंबई-हावडा लोहमार्गावर वसलेल्या या गावाच्या एका अंगाला कलचुरी काळातील देवबलोद्याचे शिवमंदिर आहे, तर दुसऱ्या अंगाला विसाव्या शतकातील भिलाईची औद्योगिक नगरी. १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे कामाला आली. पोलादाचे आणि रेल्वेचे आकडे सरकारी अहवालांत मिळतील. परंतु रात्रपाळीला डबे जोडणाऱ्या कामगाराच्या घरी कोणती भाषा बोलली जाई, वेगवेगळ्या प्रांतांतील बायकांनी एकमेकींकडून कोणते पदार्थ उचलले, वसाहत होण्यापूर्वी त्या जागी कोणाची शेती होती, हे कोणत्या अहवालात मिळणार? ते सांगणारी पिढी आता थकली आहे.

मराठी माणसाचा या भूमीशी संबंधही जुना आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडवर आली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, म्हणजे राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत, या प्रदेशाची राजधानीही नागपूरच होती. येथील मराठी घरांत आज मराठी, हिंदी आणि छत्तीसगडी अशा तिन्ही भाषा नांदतात. त्यांतील कोणत्या भाषेत लिहावे? सप्रे यांनी मातृभाषेचा अभिमान सोडला नाही आणि हिंदीची सेवाही मनापासून केली. ज्या वाचकासाठी लिहायचे त्याची भाषा निवडावी. घरातल्या आठवणी मराठीत आणि गावाचे प्रश्न हिंदीत किंवा छत्तीसगडीत लिहिले, तरी त्यात विसंगती नाही.

दुसरी शंका अधिक खोल आहे. ‘आमचे शिक्षण अर्धवट राहिले, आम्ही काय लिहिणार?’ असे अनेक प्रौढ विद्यार्थी म्हणतात. त्यांनी बहिणाबाई चौधरी यांचे स्मरण करावे. जळगावच्या या शेतकरी स्त्रीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिच्या ओव्या-कविता घरच्यांनी टिपून ठेवल्या, म्हणूनच १९५२ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, त्या पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आल्या. टिपणारे कोणी नसते, तर ती संपत्ती तिच्याबरोबरच गेली असती. शाळेबाहेर मिळालेले ज्ञानही ज्ञानच असते. मोट जोडणारा, साडी विणणारी, इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा यांना जे कळते, ते पुष्कळदा पुस्तकांत नसते. शुद्धलेखन सरावाने सुधारते, पण अनुभव उसना आणता येत नाही.

तिसरा आक्षेप काळाचा आहे. आता लोक चलचित्रे पाहतात, समाजमाध्यमांवर चार ओळी वाचतात, मग ब्लॉग कोण वाचणार? आक्षेपात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. पण समाजमाध्यमांवरील मजकूर नदीच्या पुरासारखा वाहून जातो. आठवड्यापूर्वीचे काही शोधायचे म्हटले तरी सापडत नाही. ब्लॉगवरील लेखाला स्वतःचा पत्ता असतो, तेथे पुन्हा जाता येते. म्हणून समाजमाध्यमाचा उपयोग दवंडी पिटण्यासाठी करावा आणि धान्य मात्र आपल्या कणगीत ठेवावे.

या स्वातंत्र्याबरोबर जबाबदारीही येते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली आणि देशभर चर्चा झाली. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६ अ हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. सामान्य नागरिकाला आपले मत मांडण्याचा अधिकार आहे, हे या निर्णयाने अधोरेखित झाले. तथापि बदनामीविरुद्धचे कायदे आजही लागू आहेत आणि ते असणे योग्यही आहे. सत्तेला प्रश्न विचारणे आणि शेजाऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडणे यांतील भेद लेखकाने स्वतः ओळखला पाहिजे. लहान मुलांची माहिती, कोणाचे आजारपण, कोणाच्या घरातील भांडण यांना आपल्या पानावर स्थान नसावे.

अखेरची गोष्ट जतनाची. ‘अक्षर’ म्हणजे ज्याचा नाश होत नाही ते. परंतु संगणकावरील अक्षरे आपोआप टिकत नाहीत. ‘जिओसिटीज’ या सेवेवर असंख्य लोकांनी आपली पाने उभारली होती. २००९ मध्ये ती सेवा अमेरिकेत बंद झाली. ‘ऑर्कुट’ २०१४ मध्ये बंद झाले. फुकट मिळालेली जागा ही शेवटी दुसऱ्याची जागा असते. ‘छत्तीसगढ मित्र’ बंद पडले, तरी त्याचे छापील अंक कुठेकुठे सांभाळले गेले, म्हणून आज आपण त्याविषयी बोलू शकतो. आपल्या प्रत्येक लेखाची एक प्रत स्वतःजवळ संगणकात ठेवावी आणि वर्षातून एकदा निवडक लेख कागदावर छापून वाचनालयाला द्यावेत. खर्च थोडा होईल, परंतु पन्नास वर्षांनी चरोद्याचा शोध घेणाऱ्याला निदान तो गठ्ठा सापडेल.

सप्रे यांना मासिक काढण्यासाठी गाव सोडून छापखाना शोधावा लागला. बाबासाहेबांना जाहिरातीसाठीही दार बंद झाले. त्यांच्या वाटेतील ते अडथळे आज आपल्यासमोर नाहीत. त्यांच्याजवळ जे होते, ते मात्र आपल्याला कमवावे लागेल, आणि ते म्हणजे सांगण्यासारखा विषय, शब्द तोलून वापरण्याची सवय व वाचक थोडे असतानाही लिहीत राहण्याचा निर्धार. आरंभ मोठ्या विषयाने करण्याची गरज नाही. घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीजवळ बसावे, ती या गावात प्रथम कधी आणि कशी आली ते विचारावे आणि तिने सांगितलेले, तिच्या अनुमतीने, तिच्याच शब्दांत लिहून काढावे. तेवढा पहिला लेख पुरे आहे.